वरचे बटण

भिंगकाकांच्या टेबलावर चार काळी रिळे एका ओळीत असत. डावीकडून लिनन, लोकर, कापूस आणि सगळ्यात उजवीकडे रेशीम. पहिली तीन ताडून पाहायला, चौथे शिवायला. हा क्रम त्यांच्या हाताला इतका पाठ होता की सुईत दोरा ओवताना ते रिळांकडे पाहतही नसत. डोळे कोटावर, हात उजवीकडे.

गिऱ्हाईकाने नवा लोकरी कोट आणला की काका कॉलरची शिवण बोटभर उसवत. मग छातीवरचे वरचे बटण काढून आतल्या कडक अस्तरातला एक धागा चिमट्याने ओढून घेत आणि मेणबत्तीवर धरत. लोकर आक्रसते, केस जळल्याचा वास देते आणि मागे काळा मणी ठेवते. लिनन कागदासारखे जळते, त्याची राख फुंकरीने उडते. एवढ्यावर समाधान झाले नाही तर सूक्ष्मदर्शक होताच. त्याखाली लोकरीला माशासारखे खवले दिसतात आणि लिननला बांबूसारखी पेरे. तपासून झाले की काका उसवलेले पुन्हा शिवत, बटण जागच्या जागी लावत आणि आतल्या खिशात सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी टाचत: 'तपासले. दोष नाही.' त्याखाली सही. त्या भिंगामुळेच त्यांना हे नाव पडले होते. खरे नाव पोस्टमनलाही सांगावे लागे.

एवढा खटाटोप कशासाठी, तर ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे लोकर आणि लिनन एका वस्त्रात येता कामा नये. दोन टाक्यांपुरतेसुद्धा नाही. का, ते शास्त्र सांगत नाही. काकांचे वडील मात्र सांगत.

वडील शिंपी. इस्त्री तापेपर्यंत दोन्ही मुलांना टेबलाशी बसवून ते जगाच्या आरंभाच्या गोष्टी सांगत, आणि त्यांच्या गोष्टींत सगळे जग शिंप्यांचे असे.

"आदाम आणि हव्वेने अंजिराची पानं टाचून नेसली," ते म्हणत. "पानांचं शिवणकाम ते! दोन दिवसांत वाळून चुरा. शेवटी देवालाच बसावं लागलं. त्यानं दोघांना चामड्याचे अंगरखे शिवून दिले. बागेतून हाकलायचं होतं, पण उघडं नाही हाकललं. जगातला पहिला शिंपी तो. आणि मजुरी घेतली नाही, हे गिऱ्हाइकांना सांगू नका."

दुसऱ्या दिवशी वेगळी गोष्ट. "सहा दिवस देवानं केलं काय? वेगळं केलं. उजेड अंधारापासून, वरचं पाणी खालच्या पाण्यापासून, जमीन समुद्रापासून. जे ज्याचं ते त्याच्या जागी. आपलंही काम तेच."

यावर थोरला हळूच म्हणे, "आणि सहाव्या दिवशी माती घेऊन तीत फुंकर मारली. म्हणजे माणूस हे मिश्र कापडच झालं की, बाबा. भेसळ देवानंच केली."

वडील त्याला गजाची पट्टी दाखवत, पण हसू दाबत. धाकट्याला, म्हणजे आमच्या भिंगकाकांना, हसू येत नसे. देवाच्या कामात दादा खोट काढतो, याची त्याला भीती वाटे.

आणि मग काइन-हाबेलची गोष्ट. थोरला काइन जमीन कसायचा, त्याने देवापुढे जवस ठेवला. लिननचे सूत निघते ते जवसाच्याच देठातून. धाकटा हाबेल मेंढ्या राखायचा, त्याने लोकर आणली. देवाने धाकट्याचे स्वीकारले. पण भांडण पेटले ते वाटणीवरून. जग दोघांनी वाटून घेतले होते. जमीन एकाची, हलते-चालते ते सगळे दुसऱ्याचे. "मग धाकटा म्हणाला, तुझ्या अंगावरची लोकर माझी आहे, काढ. थोरला म्हणाला, तू उभा आहेस ती जमीन माझी आहे, उडून जा. दोघंही कायद्यानं बरोबर होते, पोरांनो. बरोबर असता असता एकानं दुसऱ्याला मारला. आणि एक माणूस मारला की त्याच्या पोटी येणारे सगळे मारले जातात. तेव्हापासून ते दोन धागे एकत्र आणायचे नाहीत."

वडील गेल्यावर दुकानाचीही वाटणी झाली. सुई थोरल्याकडे, भिंग धाकट्याकडे. थोरल्याचा हात असा की कोट माणसाच्या अंगावर ओतल्यासारखा बसे. धाकट्याची नजर अशी की त्याच्या चिठ्ठीशिवाय समाजातला कुणी कोट अंगाला लावत नसे. वडिलांचा एक नियम दोघे पाळत: तपासण्यासाठी जे उसवले ते तपासणाऱ्यानेच शिवायचे. दुसऱ्याच्या चुकीला जागा ठेवायची नाही.

असे सोळा वर्षे चालले. मग एका सकाळी गुरुजी दुकानात आले. गुरुजी मुलांना धर्मग्रंथ शिकवत आणि प्रार्थनाघरात सर्वांपुढे उभे राहून वाचत. कोट त्यांच्या हातावर होता आणि तळव्यावर एक सुटलेले बटण, धाग्यासकट.

"हा धागा मला वेगळा वाटतोय," ते म्हणाले.

काकांनी धागा मेणबत्तीवर धरला. तो कागदासारखा जळला. काकांनी फुंकर मारली, राख उडाली. दुकानात तेव्हा चार गिऱ्हाइके होती, दारात आणखी तीन.

"दोन हिवाळे," गुरुजी म्हणाले. "दोन हिवाळे हा कोट घालून मी तुमच्यापुढे वाचत होतो. कुणी शिवला हा?"

"दादाने," काका म्हणाले.

वहिनी आतून हात पुसत बाहेर आल्या. "भावजी, बाकीची चार बटणं पण बघा की."

"शितावरून भाताची परीक्षा होते, वहिनी."

"सुतावरून स्वर्ग पण गाठतात लोक. बघा म्हणते ना मी!"

पण गुरुजींनी कोट छातीशी धरला होता. ते म्हणाले, मी हा आता घालणारही नाही आणि कुणाला देणारही नाही. आणि ते निघून गेले. बटण तेवढे टेबलावर राहिले.

थोरला आपल्या मशीनवरून उठला आणि त्याने ते उचलले. उरलेला धागा नखाने सोलला, उजेडाकडे धरला. मग त्याने काकांच्या टेबलाकडे पाहिले, रिळांकडे पाहिले, आणि बराच वेळ पाहतच राहिला.

"माझ्या हातून झालं असेल," तो म्हणाला.

"असेल नाही दादा. झालं म्हण."

"बरं. झालं."

काकांनी तो धागा कागदाच्या पुडीत घातला, वर तारीख लिहिली आणि दोषाच्या खणात ठेवला. दर चुकीची पुडी ते अशीच ठेवत.

पुढचे सांगायला वेळ लागत नाही, भोगायला सव्वीस वर्षे लागली. लोकांनी थोरल्याकडे कपडे टाकणे बंद केले. 'बिचाऱ्याची नजर गेली,' कुणी म्हणे. 'नजर नाही, नियत,' दुसरा म्हणे. तीन महिन्यांत थोरल्याने आपली कात्री उचलली आणि तो शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिथे एका कारखान्यात तो इस्पितळाच्या चादरींच्या कडा मुडपायचा. दिवसाला दोनशे चादरी, चारी बाजूंनी सरळ शिलाई. ज्याच्या हातचा खांदा बघायला दुसरे शिंपी येत, तो सरळ रेषा मारत म्हातारा झाला. त्याच्या तीन मुलांनी लोकांचे उतरलेले कपडे घातले. मोठीचे जमलेले लग्न मोडले. मुलाला शिंपीकामाचा इतका वीट आला की तो बटण तुटले तरी पिन लावून फिरे.

भाऊ भेटत ते लग्नाकार्यात किंवा मयतीला, आणि मांडवाच्या दोन टोकांना उभे राहत. काकांच्या मनात राग नव्हता. चूक झाली होती, तिची नोंद झाली होती, विषय संपला होता. त्यांची बायको त्याच वर्षी वारली. मूलबाळ नव्हते. टेबल होते, आणि त्यांच्या चिठ्ठीला मान होता.

थोरल्याच्या छातीत पाणी झाल्याचे कळले त्याला महिना झाला होता. 'जाऊ एकदा,' असे काका रोज सकाळी म्हणत आणि रोज एखादा कोट आडवा येई.

मग एके दिवशी गुरुजींची मुलगी आली. हातात कागदात गुंडाळलेला कोट.

"बाबांना जाऊन वर्ष झालं. ट्रंक रिकामी करतेय," ती म्हणाली. "कापड अजून नवं आहे हो काका. आमच्या मालकांच्या अंगाला येईल. चार बटणं आहेत, तेवढी काढून तपासून द्या."

काकांनी कोट ओळखला. दादाचा खांदा लपत नाही. त्यांनी चारही बटणे काढली, चार धागे चार काचपट्ट्यांवर ठेवले. रेशीम. रेशीम. रेशीम. रेशीम.

त्यांनी पुन्हा पाहिले. मग दोषाचा खण उघडून ती जुनी पुडी काढली. पाचवा धागा लिनन होता, यात शंका नव्हती. तीन पदरी, घट्ट पिळाचा. असे तीन पदरी लिनन बाजारात कधी आलेच नव्हते. वडिलांनी ताडून पाहण्यासाठी ते स्वतः वळून काळे रंगवले होते. त्याचे एकच रीळ होते. ते काकांच्या समोर होते, सगळ्यात डावीकडे.

आणि सुटलेले बटण वरचे होते. वरचे बटण काढून पुन्हा लावायचे काम थोरल्याचे कधीच नव्हते.

काकांनी ते रीळ हातात घेतले. मग त्यांना बायको आठवली. तिच्या दोन वर्षांच्या दुखण्यात, अगदी सुरुवातीला, ती एके दिवशी उठली होती, बरे वाटतेय म्हणाली होती, आणि तिने टेबल पुसले होते. रिळे तिने उलटी लावली. रेशीम डावीकडे, लिनन उजवीकडे. काकांच्या ते लक्षात आले तेव्हा ते तिच्यावर ओरडले होते. माझ्या टेबलाला हात लावायचा नाही, म्हणाले होते. रिळे पुन्हा ओळीत लावून ते कामाला लागले होते. पण तिने पुसले कधी आणि त्यांच्या लक्षात आले कधी, या दोहोंमध्ये किती दिवस गेले होते, हे त्यांनी तेव्हा मोजले नव्हते. त्या दिवसांत हात नेहमीसारखा उजवीकडे जात होता.

त्याच क्षणी उठून बस धरली असती, तर पाऊण तासात ते दादाच्या खाटेपाशी असते. पण माणूस जन्मभर जसे वागतो तसाच ऐन वेळीही वागतो. काका म्हणाले, आधी खात्री करू.

पहिला दिवस त्यांनी धागे पुन्हा तपासण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी कोटाचे अस्तर पूर्ण उसवले, न जाणो आत आणखी काही असेल. काही नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांनी पत्र लिहायला घेतले, कारण तोंडाने नीट सांगता येणार नाही असे त्यांना वाटले. चार मसुदे झाले. पहिल्यात 'आपल्या हातून' असे होते, ते खोडले. दुसऱ्यात 'माझ्या हातून झाले असावे'. शेवटच्यात 'माझ्या हातून झाले'. तो त्यांनी स्वच्छ अक्षरात उतरवून काढला, घडी घातली आणि उद्या घालायच्या कोटाच्या खिशात ठेवला.

चौथ्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला. पुतण्या होता.

"बाबा गेले. दुपारी माती आहे. यायचं तर या."

मृताला आंघोळ घालण्याच्या खोलीत फरशी ओली होती. आंघोळ घालणारा म्हातारा काकांना ओळखत होता. थोरल्याला कफन चढवून झाले होते. पांढरे लिनन, खिसा नाही, कुठे गाठ नाही. वरून म्हाताऱ्याने थोरल्याची प्रार्थनेची शाल पांघरली, लोकरीची, पिवळी पडलेली. तिच्या एका कोपऱ्याचा गोंडा त्याने रीतीप्रमाणे कात्रीने कापला, म्हणजे ती आता प्रार्थनेची राहिली नाही.

काकांचा हात आपोआप पुढे गेला. लिननवर लोकर.

"राहू द्या काका," म्हातारा म्हणाला. "मेलेल्याला तो नियम नाही. इथं तुमचं काम नाही."

काकांना हे माहीत होते. वडिलांनीच सांगितले होते, की काइनचा धागा आणि हाबेलचा धागा प्रेतावर एकत्र चालतात. पण माहीत असणे निराळे. त्यांनी शालीची कड लिननवर नीट सारखी केली आणि हात मागे घेतला.

शास्त्र असेही सांगते, की ज्याचा अपराध केला तो क्षमा करण्याआधी मेला, तर दहा माणसे घेऊन त्याच्या कबरीपाशी जावे आणि त्यांच्यादेखत बोलावे. कबरीपाशी दहाच्या वर माणसे होती. भाऊ म्हणून काकांच्या कोटाला शोकाच्या रीतीप्रमाणे उजव्या बाजूला चीर दिली होती, ती चार बोटे लोंबत होती. माती लोटून झाल्यावर लोक वळू लागले, तेव्हा काका म्हणाले, "थांबा."

पत्र खिशात होते. ते त्यांनी काढले नाही.

"गुरुजींच्या कोटाचं वरचं बटण मी लावलं होतं. धागा माझा होता. दादाचा दोष नव्हता. सव्वीस वर्षं मी दादाला..." ते कबरीकडे वळले. "दादा, मला माफ कर," ते मातीच्या ढिगाला म्हणाले.

कुणीतरी खोकले. एकजण दुसऱ्याच्या कानाशी लागला, "म्हणजे माझ्या कोटावरची चिठ्ठी...?"

सुतकाचे सात दिवस काकांना दादाच्याच घरात, वहिनींसमोर, बुटक्या स्टुलावर बसावे लागले. खोली लहान. एक खाट, एक कपाट, खिडकीत थोरल्याचे शिलाई मशीन, त्यावर चादरीचे कापड घालून झाकलेले. तिसऱ्या दिवशी समाचाराला आलेली मंडळी गेल्यावर वहिनी उठल्या. त्यांनी कपाटातून एक कोट काढून काकांच्या मांडीवर टाकला.

"ओळखता का?"

दादाचा स्वतःचा कोट होता. आतल्या खिशात काकांच्या अक्षरातली चिठ्ठी.

"त्या दिवशी दुकानातून घरी आले आणि आधी हा कोट काढला. गुरुजींच्याच कोटाबरोबर तुम्ही तपासून दिलेला. वरचं बटण तोडलं, धागा काडीवर धरला. कागदासारखा जळला. मग हसले. मला म्हणाले, 'बघ, आमच्या भिंगाच्या हातात पण भेसळ आहे.'"

काकांनी मान वर केली. "दादाला... पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाही?"

"मी काय कमी भांडले? म्हटलं, आत्ता जा, सगळ्यांसमोर जाळून दाखवा. म्हणाले, 'शिंप्याला कुठेही सुई मिळते. तपासणाऱ्याचा शब्द गेला की त्याच्याकडे काय उरतं? आणि त्याची बायको मरायला टेकलीय. होऊ दे जरा शांत, त्याचं त्याला कळेल.'" वहिनी खाली बसल्या. "त्याचं त्याला कळेल! सव्वीस वर्षं दर सणाला मी दाराकडे बघितलंय, भावजी. सगळ्या गावाचे कोट तुम्ही वाकून बघितलेत. आपलं टेबल तेवढं बघायचं राहिलं."

"वहिनी, मी..."

"ते माफ करून गेले असतील. त्यांना जमायचं ते. माझ्या पोरीचं लग्न मोडलं, तेव्हा ती चार दिवस या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. मला नाही जमत."

बाहेर नळावर कुणीतरी बादली आपटली. काकांनी दादाच्या कोटाचे वरचे बटण बोटाने चाचपले. दादाने ते पुन्हा लावले होते, रेशमाने, चार टाके आणि वर वेढा. अजून हलत नव्हते.

सातव्या दिवशी सुतक सुटले. काका चपला घालत असताना वहिनींचे लक्ष त्यांच्या कोटाच्या चिरेकडे गेले.

"आई-बापासाठी फाडलेलं कधीच शिवायचं नसतं ना?" त्यांनी विचारले.

"कधीच नाही."

"आणि भावासाठी?"

"आज कच्चे टाके घालता येतात. तीस दिवसांनी पक्कं शिवता येतं."

"शास्त्र देतं मुभा. तुम्ही शिवू नका."

काकांनी मान हलवली.

टेबलाकडे आता कुणी येत नव्हते, त्यामुळे वेळ होता. काकांनी जुन्या वह्या काढल्या. बायकोने टेबल पुसले तो दिवस नेमका सापडेना, म्हणून त्यांनी गुरुजींचा कोट तपासल्याच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन महिने धरले. त्या काळात तपासलेले एकतीस कोट निघाले. एकतीस पत्ते त्यांनी एका कागदावर लिहिले, आणि पिशवीत मेणबत्ती, चिमटा, कात्री व रेशमाचे रीळ घालून ते निघाले. बाकीची तीन रिळे घरीच ठेवली.

सगळीकडे दार उघडले असे नाही. एका घरात कोट कधीच भंगारात गेला होता. एका घरात तरण्या सुनेने सांगितले, "आता कोण पाळतं हो ते, आजोबा?" एका घरात म्हातारा अंगावरचा कोट घट्ट धरून ओरडला, "तुमच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून मी यात माझ्या बापाला माती दिली!" आणि त्याने दार लावून घेतले. काका ओसरीवर थांबले. तासाभराने म्हाताऱ्याने खिडकीतून कोट बाहेर फेकला. काकांनी तिथेच पायरीवर बसून वरचे बटण काढले, धागा जाळला. कागदासारखा जळला. त्यांनी बटण रेशमाने लावले, चार टाके आणि वर वेढा, आणि कोट घडी घालून दारात ठेवला. चिठ्ठी टाचली नाही.

तीस दिवस झाले त्या सकाळी ते सतराव्या घरी होते. घरातली बाई दयाळू होती. तिने पाणी दिले, बसायला खुर्ची दिली, आणि काका बटण काढत असताना ती त्यांच्या छातीकडे पाहत राहिली.

"अहो, केवढा फाटलाय तुमचा कोट! आणि तुम्ही दुसऱ्यांचे शिवत फिरताय? द्या इकडे, दोन टाके घालून देते."

"नको," काका म्हणाले. त्यांनी धागा चिमट्यात धरून मेणबत्ती पेटवली. "तो असाच ठेवायचा आहे. तुम्ही जरा खिडकी लावा, ज्योत हलतेय."